स्मृतिभिंतीच्या कामाच्या नोंदी: दोन व्हिक्टोरिया क्रॉस आणि आमच्या गावची नावं

१२ जानेवारी २०२५, रविवार

वाचनालयाच्या हॉलची आतली लांब भिंत मिळाली. काल कमिटीनं ठराव केला, आज पोरांनी जुना चुना खरवडायला घेतला. भिंतीचे दोन भाग करायचे. डावीकडे मराठा लाइट इन्फंट्रीला दुसऱ्या महायुद्धात मिळालेले दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान: नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. उजवीकडे बेळगावजवळच्या आमच्या गावातून त्या युद्धावर गेलेले आणि परत न आलेले.

उद्घाटन ९ एप्रिलला. १९४५ साली याच तारखेच्या संध्याकाळी इटलीत सेनिओ नदीच्या काठावर जाधवांनी जे केलं, त्याला यंदा ८० वर्षं होतात.

हे काम का काढलं ते एकदा लिहून ठेवतो. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून किती माणसं गेली आणि त्यातल्या किती जणांनी प्राण दिले, हे त्यावर इंग्रजीत कोरलंय. अशा पाट्या आपल्या मुलखात गावोगाव सापडतात. पाटीवर नाव मात्र एकही नाही. तो आकडा आम्हा सगळ्यांना पाठ आहे, आणि ती माणसं कोण, कोणत्या गल्लीतली, हे आज गावात कोणालाही सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसांचं असं होऊ द्यायचं नाही. त्यांना आठवणारी दोन-चार माणसं अजून आहेत. उशीर केला तर ती पण राहणार नाहीत.

१९ जानेवारी

सुभेदारमामांकडे सकाळभर बसलो. एकाहत्तरच्या लढाईतले माजी सैनिक. घरात तीन पिढ्यांची नोकरी, आणि तिन्ही पिढ्यांचं ट्रेनिंग बेळगावातच. आमच्याकडे कॅम्पातल्या मराठा सेंटरला नुसतं ‘सेंटर’ म्हणतात, वेगळं सांगावं लागत नाही. रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण १७६८ सालची, ‘जंगी पलटण’. जाधव याच पलटणीचे. १९२२ च्या फेररचनेत पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि रंगरूट घडवण्याचं काम बेळगावात आलं. तेव्हापासून आमच्या पश्चिम भागातल्या गावांत दहावी झालेल्या पोराला पहिला प्रश्न भरतीचाच. मराठी घरातला असो नाहीतर कन्नड.

मामांना मी एकच भीती बोलून दाखवली. शिवजयंतीच्या भाषणात एका वक्त्यानं घाडग्यांनी पन्नास जर्मन मारले असं सांगितलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि तेच पाठ केलं. मामा म्हणाले, “मास्तर, त्या माणसाचं मानपत्र वाचलंसा काय? त्यात चार माणसं हायत. चारच. आणि ती चार कशी मारली ते वाचून माझ्या अंगावर काटा आलाय. पन्नास कशाला पाहिजेत?”

तेव्हा नियम ठरला. मानपत्रात, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणाऱ्या सरकारी मजकुरात, आहे तेवढंच भिंतीवर येईल.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर घाडग्यांचा मजकूर लिहायला बसलो.

गाव पळसगाव, तालुका माणगाव, आताचा रायगड जिल्हा. पाचवी मराठा, तिसरी पलटण. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. वय २२. त्यांच्या कंपनीनं शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडग्यांच्या हाताखाली एक सेक्शन, म्हणजे मूठभर माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला.

मानपत्रातलं पुढचं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. आपल्याबरोबर यायला कोणीही उरलेलं नाही हे पक्कं माहीत असताना ते मशीनगनवर धावून गेले. पहिल्यांदा हातगोळा टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपले. मग टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगननं, तिथल्या एकाला टिपलं. मॅगझीन रिकामं झालं, बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीला धरून उलटी केली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारून संपवलं. एवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्यानं जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

दुपारी नववीच्या वर्गातला एक मुलगा विचारायला लागला, “सर, मॅगझीन बदलायला किती वेळ लागतोय?” मामा तिथंच होते. त्यांनी हातात काठी घेतली, काठीच्या पोटाखालून काल्पनिक मॅगझीन काढलं, कमरेच्या थैलीतून दुसरं घेतलं, बसवलं, खटका ओढला. सगळं पाच-सहा सेकंदांत. मग म्हणाले, “आता हे दहा पावलांवर दोघं उभे असताना करायचं. ते काय हात बांधून बसतात काय?” टॉमीगनचं वजन पाच किलोच्या आसपास. गोळीबारानं तापलेली नळी दोन्ही मुठींत धरून ती फिरवायची. पोरं गप्प बसून ऐकत होती.

ही पलटण पुढं पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या लढाईत, टांगाईलला विमानातून पॅराशूटनं उतरली ती हीच, २ पॅरा. मामांना हे माहीत होतं, मला नव्हतं. पॅनेलच्या तळाशी एक ओळ घालतोय.

४ फेब्रुवारी

आज मराठा दिन. १६७० साली याच दिवशी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, म्हणून रेजिमेंट हा दिवस पाळते. गावातले माजी सैनिक सकाळीच सेंटरला गेले. भिंतीला प्रायमर झाला.

१६ फेब्रुवारी

जाधवांचं पॅनेल. हे कागदावर बसून समजण्यासारखं नाही म्हणून मुलांना मैदानावर नेलं.

मानपत्रात नदीची मापं आहेत. पात्र सुमारे १५ फूट रुंद, पाणी ४ ते ५ फूट खोल. कबड्डीच्या मैदानाला वापरतो त्या फक्कीनं १५ फुटांवर दोन रेघा मारल्या. मुलं बघतच राहिली. “एवढीच? आमची मार्कंडेय ह्याच्यापेक्षा मोठी हाय की सर!” मग पुढचं माप सांगितलं. दोन्ही काठांना पूर अडवायला घातलेले बांध, ३० ते ३५ फूट उंच, चढ जवळजवळ उभा. म्हणजे शाळेच्या गच्चीपेक्षाही वर. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी खंदक आणि चौक्या कोरलेल्या. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर, खंदकांच्या वरच्या अंगाला, सुरुंगांचा पट्टा.

जाधव कंपनीचे रनर होते. कंपनी कमांडरच्या मागं राहायचं, निरोप पोचवायचे, हे त्यांचं काम. पाण्यातून पलीकडं निघाले तेवढ्यात मागून, म्हणजे ज्या बांधावरून उतरून आले त्याच्याच पोटातून, कमीत कमी तीन चौक्यांचा मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. जाधव सोडून बाकीचे जागीच गेले.

इथून मुलांना तळ्याच्या बांधावर नेलं. बांध त्या नदीच्या निम्माही उंच नसेल. तालमीत जाणाऱ्या एका पोराला सांगितलं, मित्राला खांद्यावर घे आणि वर चढ. पावसाळ्यात वाढलेलं गवत वाळून घसरडं झालं होतं. मध्यावर त्याचा पाय सरकला, तो गुडघ्यावर आला, मित्राला खाली ठेवलं आणि दम खात बसला. त्याच्या बनियनला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. मी म्हटलं, आता अंगावर भिजलेले कपडे आहेत, खांद्यावरच्या माणसाला गोळी लागलीय, वर उखळी तोफा आणि मशीनगन चालू आहेत, आणि पाय टाकायचा तिथं सुरुंग आहेत. जाधवांनी एका जखमीला असं वर नेऊन ठेवलं. परत खाली उतरले, पाण्यातून गेले आणि दुसऱ्याला आणलं.

तिसऱ्यांदा ते एकटेच बांध ओलांडून गेले. जवळच्या चौकीवर धावून गेले आणि टॉमीगननं ती गप्प केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, म्हणून ती टाकून दिली आणि हातगोळे घेतले. त्या गोळ्यांनी आणखी दोन चौक्या संपवल्या. मध्ये गोळे संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर आले, पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून नवे घेतले आणि पुन्हा खाली. तिन्ही चौक्या थंड झाल्यावर, उखळी तोफांचा मारा चालू असतानाच, बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्या कंपन्यांना हात करून पुढं बोलावलं.

मामांनी तिथंच, तळ्याच्या बांधावर उभं राहून गर्जना दिली: “बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!” मुलांनी साथ दिली. खाली कपडे धुणाऱ्या बायका पण वर बघून ‘जय’ म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्याच नदीवर केलेल्या पराक्रमासाठी फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघांच्याही पलटणी आठव्या भारतीय डिव्हिजनच्या. भिंतीवर त्यांचाही उल्लेख येईल. पुढं महिनाभरात, २ मे रोजी, इटलीतली जर्मन फौज शरण आली.

२३ फेब्रुवारी

फ्लेक्स नको, यावर एकमत. दोन उन्हाळ्यांत रंग जातो. काळा ग्रॅनाइट घ्यायचा आणि अक्षरं कोरून घ्यायची. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही सारख्याच आकारात. कन्नड मजकूर आमच्याच शाळेतल्या कन्नडच्या बाई लिहून देणार आहेत. त्यांचे वडील याच सेंटरमधून हवालदार होऊन निवृत्त झाले.

२ मार्च

उजव्या बाजूचं काम. परदेशात पडलेल्या सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं, आणि त्या घरबसल्या शोधता येतात. नावावरून शोधायला गेलं तर वैताग. आपली नावं तेव्हाच्या कारकुनांनी कानाला येईल तशी इंग्रजीत लिहिलीत. जाधवांचंच आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. उपाय असा की रेजिमेंट निवडायची आणि ‘जादा माहिती’च्या रकान्यात बेळगाव टाकून बघायचं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. गावांची स्पेलिंगही भलभलती, पण मोठ्यानं वाचलं की कळतात. रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांना बसवून वाचत गेलो. असं करत आमच्या गावचे जवान सापडले. घरच्यांची परवानगी मिळेपर्यंत नावं या वहीत लिहीत नाही. पूर्वी याची कल्पनासुद्धा नव्हती की ती नावं तिकडं इतकी वर्षं कोरून ठेवलेली आहेत.

पहिल्या महायुद्धाचं मात्र अवघड आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. त्या आघाडीवर ज्यांची कबर नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. ते बांधताना ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा टाकला. ही विषमता होती हे कमिशननं २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य केलंय. हे वाचलं आणि चावडीतली आमची पाटी डोळ्यासमोर आली. गाव एवढंसं, बसरा कुठच्या कुठं, पण हिशेब ठेवायची रीत तीच. त्या रीतीचा मला मनापासून राग आहे, आणि तो इथं लिहून ठेवतोय.

९ मार्च

सापडलेल्यांपैकी एकाच्या घरी गेलो. त्याच्या पुतण्याची बायको, वय ८५ च्या पुढं, सगळे आक्का म्हणतात. मामा बरोबर होते. आक्कांनी ट्रंकेतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेलं सहा टोकांचं पितळेसारखं पदक, मध्ये मुकुट आणि ‘इटली स्टार’ अशी अक्षरं. फीत विरलेली, पण लाल, पांढरा, हिरवा हे पट्टे कळत होते. इटलीच्या झेंड्याचे रंग. सासूनं जपलं, मग आक्कांनी. दर दसऱ्याला बाहेर काढून हळदकुंकू लावतात. टोकांच्या खाचांत हळद बसलेली होती.

मी नोंदीचा कागद वाचून दाखवला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “त्याला अग्नी दिला काय रे कुणी?”

सासूनं म्हणे जन्मभर हाच ध्यास घेतला होता. सरकारी कागदावर मेला एवढंच होतं. परमुलखात पुरला, का तसाच पडला, काही कळलं नव्हतं.

मला उत्तर देता आलं, कारण नोंदीत जागा लिहिलेली होती: फोर्ली दहन-स्मारक. इटलीत फोर्ली गावाजवळ हिंदी सैन्याची दफनभूमी आहे. तिच्या आवारातच हे स्मारक आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा जवळपास ८०० हिंदी सैनिकांची नावं त्यावर कोरलीत. असंच एक सांग्रो नदीच्या दफनभूमीतही आहे. मी सांगितलं, “आक्का, दिला. पलटणीतल्या आपल्याच माणसांनी दिला असणार. आणि नाव दगडावर आहे.”

आक्का म्हणाल्या, “मग बरं.” नाव लिहायला परवानगी दिली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

१६ मार्च

काल रात्री मामांशी फोनवर बराच वेळ बोललो. आक्कांच्या प्रश्नामुळं डाव्या भागाची मांडणी बदलली. आधी प्रत्येक पॅनेलवर पराक्रम आणि सन्मान इतकंच होतं. आता तिसरा मथळा: ‘अखेरची जागा’. उजवीकडच्या नावांनाही हाच.

घाडग्यांच्या पॅनेलवर तो भरताना जड गेलं. गावचा शिपाई, ज्याचं नाव आजवर वेशीबाहेर कोणी घेतलं नाही, त्याला अग्नी मिळाल्याची नोंद आहे. आणि सर्वोच्च सन्मान मिळालेल्या घाडग्यांची कबर माहीत नाही. ते ज्या ठाण्यात पडले तिथून बरंच दक्षिणेला कसिनोच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव आहे. इटलीच्या मोहिमेत ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा ४ हजारांहून अधिक जणांमध्ये. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ साली उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावे छायाघड्याळाचं स्मारक उभारलं. पण आक्कांच्या सासूसारखं पळसगावातल्या त्यांच्या माणसांनाही विचारावंसं वाटलं असेल, आणि त्यांना काय उत्तर मिळालं असेल?

पॅनेलवर एवढंच: ‘कबर अज्ञात. नाव कसिनो स्मारकावर.’ यात एक शब्दही वाढवायचा नाही.

आणखी एक गोष्ट सापडली. घाडगे आणि जाधव दोघंही नोव्हेंबर १९२१ चे. एकाच महिन्यात जन्मलेले, एक कोकणात आणि एक संगमनेरजवळच्या निमजमध्ये. दोघं एकाच रेजिमेंटमध्ये आले आणि दोघंही इटलीत लढले. एक बावीसाव्या वर्षी तिथंच राहिला. दुसरा घरी आला आणि २ ऑगस्ट १९८४ ला पुण्यात गेला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून कामाला. दगड आले. कोरणाऱ्यानं नमुन्याची पाटी दाखवली, अक्षरांची खोली चांगली आहे. बोट फिरवलं की अंधारातही वाचता यावं इतकी. कन्नडच्या बाईंनी दोन्ही मजकूर ओळीला ओळ लावून तपासले.

तरुण मंडळातल्या दोघांचं म्हणणं आलं की जाधवांच्या पॅनेलवरून ‘पुणे, १९८४’ काढावं. वीराचा शेवट रणांगणावर शोभतो, अंथरुणावर नाही, असा त्यांचा सूर. मी काही बोलायच्या आत मामा उठले. “तो माणूस तीनदा त्या बांधावरून गेला ते मरायला गेला काय? दोन माणसं जिवंत आणायला गेला. ती आणली आणि स्वतः पण आला. जवान घरी येतोय ह्याच्यापेक्षा मोठी बातमी घरच्यांना कुठली? माझ्या आईला जाऊन विचारा, वर हाय ती आता.” ओळ राहिली.

मला हे त्या पोरांना वर्गात कधी सांगता आलं नसतं.

६ एप्रिल, रामनवमी

देवळातली सुंठवड्याची गर्दी ओसरल्यावर दगड चढवले. डावीकडचे दोन्ही बसले. उजवीकडचा मोठा दगड पाच जणांनी धरला, भिंतीत पोलादी खुंट्या आधीच रोवल्या होत्या. पाणसळ लावून पाहिली, थोडी फट होती, ती भरली.

उजव्या दगडावर नावांखाली जागा मोकळी ठेवलीय. आणखी कोणाच्या ट्रंकेत डबा असेल तर नाव कोरता यावं म्हणून. नावांचा क्रम हुद्द्याप्रमाणे नाही, बाराखडीप्रमाणे. सगळे शिपाई आणि नाईकच आहेत, तरी हे ठरवून ठेवलेलं बरं.

८ एप्रिल

उद्याची तयारी. आक्का पडदा ओढणार, त्यांच्यासाठी हातवाली खुर्ची मागवलीय, जिना चढायचा नाही म्हणून हॉलचं मागचं दार उघडायचं. मानपत्रं दोन मुली वाचणार, एक मराठीतून, एक कन्नडमधून. पदक काचेच्या पेटीत ठेवायला आक्कांनी नकार दिला, ते त्या उद्या स्वतः हातात धरून येतील आणि परत घरी नेतील. तेच बरोबर आहे.

पुढचं काम: चावडीच्या पाटीवरचा आकडा. कमिशनच्या यादीत मेसोपोटेमियातल्या शिपायांची नावं आता संगणकावर चढलीत, पण गाव बहुतेकांपुढं नाही. जुने पेन्शनचे कागद, वतनाच्या नोंदी, घराघरांतल्या वंशावळ्या जुळवाव्या लागतील. शेजारच्या गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी जुने उतारे वाचायला येतो म्हटलंय, मोडी त्यांना येते. रविवारी त्यांच्याकडे जायचं, बरोबर पाटीचा फोटो आणि नवी वही.